चादरीवर वडील

सोलापुरात सायनोटाइप करणाऱ्याला एका गोष्टीची ददात नाही, ती म्हणजे ऊन. कापडाला औषध लावायचं, वर निगेटिव्ह ठेवायची, उन्हात तापवायचं आणि पाण्यात धुवायचं, की निळा फोटो तयार. आजवर मी वहीच्या पानाएवढेच फोटो केले होते. वडील गेल्यावर मात्र मागापाशी उभे असतानाचा त्यांचा फोटो अख्ख्या चादरीवर उतरवायचं मनाने घेतलं.

निगेटिव्ह फ्लेक्सवाल्याकडून छापून आणली. तो म्हणाला, "ताई, वाढदिवस कुणाचाय? आन् तोंड काळं का केलंय?"

चादर वडिलांनीच विणलेली, शेवटची, घडीही न मोडलेली. अम्माने ट्रंकेतून काढून दिली खरी, पण तिचा हात काही चटकन सुटेना. "बिघडवू नको बघ," म्हणाली. नव्या कापडात खळ असते, ती राहिली तर औषध मुरत नाही. म्हणून मी चादर भिजवून, चोळून अगदी लुळी केली आणि गच्चीवर वाळत टाकली.

दुसऱ्या दिवशी खोलीत अंधार करून मिणमिणत्या पिवळ्या दिव्यात रुंद ब्रश फिरवायला घेतला. औषध मुरेचना, अळवावरच्या पाण्यासारखं नुसतं पळत होतं. तरी नेटाने लावलं, वाळवलं, उन्हात ठेवलं, हौदात धुतलं. निळं पाणी वाहू लागलं आणि त्याबरोबर वडिलांचं तोंडही. उरला तो माग आणि एक कोपर.

घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण भांडताना मराठीवर येतो.

"अम्मा, वाळत टाकलेल्या चादरीला कांजी घातलीस?"

"व्हय की. मग काय तशीच देऊ? तुझ्या बापानं मऊ पडलेलं कापड कधी घराबाहेर काढलं न्हाय."

मी फार चिडले. मग तिच्याकडे पाहिलं. ती हौदातलं निळं पाणी तांब्याने परत चादरीवर ओतत होती. मला रडूच आलं.

थोड्या वेळाने ती आत गेली आणि स्वतःच्या अंथरुणातली चादर घेऊन आली. हीदेखील वडिलांच्याच हातची, पण वर्षानुवर्षं धुऊन धुऊन विरत आलेली. खळ कसली, सूतच जेमतेम उरलं होतं. औषध लावलं तसं मुरलं. दुसऱ्या दिवशीच्या उन्हात वडील आले. टक्कल, मिश्या, खांद्यावरचा टॉवेल, सगळे निळे.

मी खिळा कुठे ठोकावा ते बघत भिंतीशी उभी राहिले.

"भिंतीला कशाला?" अम्मा म्हणाली. "माझी पांघरायची हाय ती. वाळली का बघ."