कोणालाच नको असलेलं अध्यक्षपद

माणसं साठीला आली की गुडघे धरून बसतात. आमच्या शिरीषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, साठीला निवडणूक लढवायची हौस आली. तीही तोक्योत!

तसा हा हाडाचा व्यापारी. मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीने याला तीन वर्षांसाठी तोक्योतल्या या कोतो भागात पाठवलं. पुढे कंपनीने इथला गाशा गुंडाळला आणि याने आम्ही राहतो त्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर डाळ-तांदळाचं दुकान टाकलं. त्याला आता बावीस वर्षं झाली. सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणजे पुण्या-मुंबईची आयटीतली पोरं. मग वरच्या मजल्यांवरच्या जपानी आज्या यायला लागल्या. मसूर कशी शिजवायची, हिंग किती घालायचा, हे हा त्यांना अर्धा-अर्धा तास समजावत बसायचा. मागे रांग लागली तरी पत्ता नाही. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, म्हणून कोणाची तांदळाची पिशवी चौथ्या मजल्यावर नेऊन दे, कोणाचा बल्ब बदल. दुकान सांभाळायचं मी आणि कौतुक याचं!

आमच्या बिल्डिंगमध्ये रहिवाशांचा संघ आहे. कचरा नीट वेगळा केलाय का ते बघणं, उन्हाळ्यातला उत्सव, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या दारात पेपर तसाच पडलाय का हे रोज सकाळी पाहणं, अशी कामं. मागच्या वर्षी कोबायाशी-आजी न्हाणीघरात घसरून पडल्या, ते या पेपरवरूनच कळलं. तेव्हापासून त्यांच्या मजल्यावरची फेरी शिरीष मारतो, दाराशी खोकून चाहूल देत.

अध्यक्ष मोरिता-सान, म्हणजे मोरितासाहेब, चौऱ्याऐंशीचे. अकरा वर्षं तेच आहेत, कारण नव्या अध्यक्षासाठी चिठ्ठी काढली की ज्याचं नाव निघतं त्याची नेमकी कंबर धरते. यंदा मात्र त्यांनी नोटीस लावली. एप्रिलच्या सभेत नवा अध्यक्ष मिळाला नाही तर संघ बंद.

त्या दिवशी जेवताना शिरीष म्हणाला, "वृंदा, मी उभा राहतो."

"डोकं ठिकाणावर आहे ना? परदेशी माणसाला करतील अध्यक्ष? भर सभेत नाही म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी काउंटरवर कोणत्या तोंडाने उभा राहशील? अरे, आपण पाहुणे इथले."

"तेच तर एकदा कळू दे मला," तो म्हणाला. "बावीस वर्षांनी मी यांच्यातला आहे की नुसता दुकानदार."

कपाळ माझं! आमची मैथिली सेंदाईला शिकते. तिला फोन लावला तर ती हसतच सुटली. "मम्मी, नोबडी वॉन्ट्स दॅट जॉब! हात वर केला की झालं."

पण नाही. साहेबांना प्रचार करायचा होता. बरं, थेट मत मागणं इथे बरं दिसत नाही, आडून सुचवायचं, हे ज्ञान त्याचंच. मग काय, रोज संध्याकाळी इस्त्रीचा सूट घालून हा दारोदार. हातात शंकरपाळ्यांचा डबा, कमरेत वाकून नमस्कार, आणि "इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, फार उपकार झाले," एवढंच वाक्य. बेचाळीस घरं! शंकरपाळ्या तळून तळून माझे खांदे भरून आले. त्यातच मार्चअखेर म्हणून जुना माल काढायला मी दुकानाबाहेर अर्ध्या किमतीची पाटी लावली होती.

लोकांनी याचे हात हातात घेतले. कोबायाशी-आजींचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे उलट भेटी यायला लागल्या. टॉवेल, चहाचे डबे, एक छत्री.

"बघितलंस? लाट आहे लाट!" शिरीष हवेत.

मला मात्र काहीतरी खटकत होतं. मतदाराने उमेदवाराला टॉवेल दिलेला मी तरी कधी पाहिला नव्हता.

रविवारी सभेला गेलो तर हॉल गच्च भरलेला. आम्ही बसतोय तोच कोणीतरी माझ्या हातात भलामोठा पुष्पगुच्छ ठेवला. मोरिता-सान उठले आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, "आधी एक दुःखाची गोष्ट. शिरीष-सान आणि वृंदा-सान आपल्याला सोडून मायदेशी निघालेत."

बाई गं! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. इथे डबा घेऊन दारोदार जातात ते नवीन राहायला आल्यावर, नाहीतर घर सोडून जाताना. आणि वर माझी ती अर्ध्या किमतीची पाटी!

तेवढ्यात कोबायाशी-आजी उभ्या राहिल्या. "डाळ मी दुसरीकडून आणेन हो," त्या म्हणाल्या, "पण सकाळी माझ्या दाराशी येऊन खोकणार कोण?" आणि चक्क रडायला लागल्या. त्यांच्या शेजारचे दोघे नाक पुसायला लागले.

शिरीष उठला. पाठ केलेलं भाषण पार विसरला. "मी कुठेही जात नाहीये," तो म्हणाला. "मला... मला अध्यक्ष व्हायचंय."

नाक पुसणाऱ्यांनी रुमाल खाली घेतले. आता नाही म्हणतात की काय! मोरिता-सानांनी हळूच चष्मा काढला.

"स्वतःहून? चिठ्ठी न काढता?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

हॉलभर असा काही हशा आणि टाळ्या उसळल्या की विचारू नका. मग रीतसर मतदान झालं. दर घराला एक मत, उमेदवाराने स्वतः द्यायचं नाही. हात वर झाले. मोरिता-सानांनी दोनदा मोजले.

"बेचाळीस. एक घर राहिलंय."

सगळे माना वळवून शोधायला लागले. ते घर आमचंच होतं. मी गुच्छ दोन्ही हातांनी छातीशी धरून हुंदके देत बसले होते. तो मी कोबायाशी-आजींच्या मांडीवर ठेवला आणि हात वर केला. डोळे पुसायला दुसरा होताच.