नानांचे सापळे आणि काकूंचं पातेलं

शनिवारी नानांच्या गॅरेजमध्ये चहाला जायचं, असा आमचा एडमंटनमधला कित्येक वर्षांचा नेम होता. जाताना मी विकतची बिस्किटं न्यायचो आणि येताना एखादा किस्सा घेऊन यायचो. बायको म्हणायची, "तुमच्या जॅकेटच्या खिशातून दोनच गोष्टी निघतात, ग्रीस पुसलेले टिश्यू आणि नाना." आता नानांची गोष्ट निघाली की एक सांगताना मध्येच दुसरी घुसते आणि पहिली राहून जाते. म्हणून आज सापळ्यांच्याच तेवढ्या सांगतो. बाकीच्यांना रांगेत उभं राहू दे.

नाना म्हणजे नागपूरचे खानझोडे. मेटलर्जीचे इंजिनियर, सत्तरच्या दशकात इकडे आलेले. मी पुण्याहून पोचलो तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं आणि नाना नुकतेच रिटायर झाले होते. लोक रिटायर झाल्यावर कॉन्डो घेतात. नानांनी शहराबाहेर अ‍ॅक्रेज घेतलं, म्हणजे घरासकट काही एकर जमीन. तिथे शेड बांधली आणि बकऱ्या पाळल्या. "जन्मभर दुसऱ्याचं लोखंड तपासलं बावा, आता आपली माती पाहून घेतो," असं म्हणायचे.

त्यांच्या पत्नी शालूकाकू गणिताच्या मास्तरीण. आधी नागपुरात, मग इथल्या शाळेत. रोज संध्याकाळी बकऱ्या शेडमध्ये आल्या की त्या एकेकीच्या पाठीवर हात ठेवून मोजायच्या. सात बकऱ्या होत्या. एका हिवाळ्याच्या तोंडाशी मोजणी सहावर आली, मग पाचवर. कोयोट. आपल्याकडचा कोल्हा आणि लांडगा यांच्या मधलं काहीतरी असतं ते, आणि दोघांपेक्षा बेरकी.

पाचवर मोजणी थांबली त्या संध्याकाळी विमानाने चार तासांवरच्या मिल्टनहून मुलाचा फोन आला. त्याचं उत्तर नेहमीचंच, "आई, जस्ट सेल इट. कम लिव्ह विथ अस." काकूंनी फोन ठेवला आणि नानांना सांगितलं, "आणखी एक गेली की हे विकायचं आणि मिल्टनला जायचं. मला रोज संध्याकाळी वजाबाकी करायची नाही."

काकू एकदा बोलल्या की बोलल्या. नाना त्या रात्री जेवले नाहीत.

*

नानांनी सापळे लावण्याचा रीतसर कोर्स केला, लायसन्स काढलं आणि मला आणि डॉक्टर जोशींना घेऊन फार्म सप्लायच्या दुकानात गेले. डॉक्टर दादरचे. आयुष्यभर लोकांना भूल दिली, त्यामुळे कुठल्याही प्रसंगी शांत.

कोयोटचा पाय धरणारे सापळे नंबरावर मिळतात. दीड नंबर खोकडाला ठीक, तीन नंबर जरा जास्तच दांडगा. नानांनी काउंटरवर सगळे मांडायला लावले. खिशातून लोहचुंबक काढलं, मग छोटी कानस काढली. एकेका सापळ्याचा जबडा घासून बघ, स्प्रिंग कानाशी नेऊन दाबून ऐक, साखळीची कडी दोन बोटांत फिरवून बघ. हा नको, याचं वेल्डिंग कच्चं आहे. तो नको, त्याचा जबडा एका बाजूला झुकून राहिला आहे.

मागे रांगेत एक उंच म्हातारा कान कोरत उभा होता. शेवटी तो पुढे आला आणि इंग्रजीत म्हणाला, "तुला कोयोट धरायचाय की या सापळ्याशी मुलीचं लग्न लावायचंय?"

हा वॉल्टर. आजोबा युक्रेनहून आलेले, हा स्वतः चाळीस वर्षं ट्रॅपिंग करणारा, आणि निघाला नानांचाच शेजारी. नानांनी शांतपणे त्याला चुंबक दाखवलं आणि म्हणाले, "मुलीच्या वेळी एवढं पाहिलं असतं तर बरं झालं असतं." नानांना मुलगी नाही, हे वॉल्टरला दोन वर्षांनी कळलं.

घेतले दोन नंबरचे.

*

सापळे घरी आले तसे काकू गॅरेजमध्ये आल्या. "त्या जनावराचा पाय तुटता कामा नये," म्हणाल्या. "आपली बकरी गेली म्हणून त्याचे हाल करायचे नाहीत."

नाना कामाला लागले. जबड्यांच्या कडेला लोखंडी सळई वेल्ड करून कडा जाड आणि गोल केल्या, म्हणजे दाब पसरतो आणि कातडं कापत नाही. जबडे पूर्ण मिटू नयेत म्हणून मध्ये फट ठेवली. साखळीला जास्तीच्या भोवरकड्या लावल्या, म्हणजे जनावर गरगर फिरलं तरी पाय पिळवटत नाही. महिनाभर कानस चालू होती. मग त्यांनी काकूंना बोलावलं, "पाहून घे."

काकूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी तुमचा हात घाला."

नानांनी घातला. फाट्कन आवाज झाला. डॉक्टरांनी सवयीने घड्याळात बघितलं. नाना म्हणाले, "काही नाही होऊन राहिलं. चहा ठेव." आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की सापळा उघडायला दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकदम दाबाव्या लागतात आणि नानांकडे एकच हात शिल्लक आहे. मी एक पट्टी दाबली, डॉक्टरांनी दुसरी, पण आम्हा दोघांचा मेळ बसेना. मी दाबायचो तेव्हा ते सोडायचे.

काकू पुढे झाल्या. एकेक पाय एकेका पट्टीवर ठेवून उभ्या राहिल्या. जबडा उघडला. त्यांनी नानांचा हात उजेडात धरून उलटसुलट करून बघितला.

"बांगड्या भरताना याहून जास्त दुखतं," म्हणाल्या. सापळा पास झाला.

*

सापळ्याच्या मधली, पाय पडतो ती तबकडी किती वजनावर उडावी हा पुढचा प्रश्न. हलकी ठेवली तर सशाच्या आणि शेजारच्या मांजराच्या पायानेही उडेल. नानांच्या मते एक किलोला उडू नये, दोन किलोला उडावी. वजनं कुठून आणायची, म्हणून मला घरात पाठवून तूरडाळीची किलोकिलोची दोन पाकिटं मागवली.

एक पाकीट ठेवलं, नाही उडाली. दुसरं त्याच्यावर ठेवलं. उडाली. बरोबर होतं गणित. फक्त पाकिटं प्लॅस्टिकची होती.

डाळ कारच्या खाली, विंटर टायर्सच्या ढिगात, डॉक्टरांच्या कॉलरमध्ये. काकूंनी केरसुणी आणि परात आमच्या हातात दिली आणि तेच वरण दुपारी आम्हाला वाढलं. त्याला ग्रीसचा किंचित वास होता. डॉक्टर दोनदा मागून जेवले आणि म्हणाले, "नाना, सीझनची पहिली शिकार चांगली शिजली आहे."

*

मग वासाचं प्रकरण. नव्या सापळ्याला तेलाचा आणि माणसाच्या हाताचा वास असतो, आणि कोयोट नाकावरच जगतो. म्हणून सापळे स्प्रूस झाडाच्या सालीच्या पाण्यात उकळायचे, काळे करायचे, मेणात बुडवायचे आणि पुढे हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही. नानांनी काकूंचं मोठं पातेलं घेतलं. घरात नव्हत्या ना काकू.

हे पातेलं त्यांनी नागपूरहून येताना विमानात मांडीवर घेऊन आणलेलं. इथल्या मराठी मंडळाचा मसालेभात त्यातच व्हायचा. परत आल्या तेव्हा आत सापळे खदखदत होते. "या पातेल्याला पुन्हा हात लावाल तर मीच तुमच्या हाताला सापळा लावीन," म्हणाल्या. दोन दिवस चिंच आणि मीठ लावून घासत होत्या. पुढचं उकळणं वॉल्टरच्या अंगणात, जुन्या ड्रममध्ये.

आमच्या मंडळाची दिवाळी हॉल मिळेल तेव्हा असते. त्या वर्षी दिवाळी उलटून दोन आठवड्यांनी मिळाला. मसालेभात जरा सावळा झाला होता. एक नवीन आलेली मुलगी कौतुकाने म्हणाली, "काकू, काळा मसाला कोल्हापूरचा का?"

"नाही," काकू म्हणाल्या, "गॅरेजचा."

*

वॉल्टरचं म्हणणं होतं की सापळ्यांचं ठीक आहे, नानांचं काय? "तुझ्याकडे आज काय शिजलंय ते मला माझ्या ट्रकमध्ये बसून कळतं. कोयोटला कळत नसेल?" म्हणून नानांनी बाहेरचे कपडे झाडाला टांगून ठेवायला सुरुवात केली आणि काकूंना विनंती केली की सीझनभर हिंगाची फोडणी नको.

दोन दिवसांनी वॉल्टर स्वतः दारात. "आज वास आला नाही. सगळं ठीक आहे ना?" काकूंनी त्याला जेवायला बसवलं आणि फोडणी पुन्हा सुरू झाली.

*

पहिला कोयोट जानेवारीत मिळाला. हा किस्सा नाही खरं तर, पण सांगायला हवा. तो बर्फात बसून होता आणि आमच्याकडे बघत होता. नानांनी रायफल वॉल्टरच्या हातात दिली आणि तोंड फिरवलं. वॉल्टरने क्षणात काम संपवलं. काकू कोट घालून तिथपर्यंत चालत आल्या, गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी त्याचा पंजा हातात घेऊन बघितला. कातडं कुठे फाटलेलं नव्हतं.

"बरं," एवढंच म्हणाल्या. मला त्या दिवशी त्या दोघांबद्दल फार माया वाटली. त्या हिवाळ्यात आणखी एक मिळाला. बकऱ्या पाचच्या पाच राहिल्या. मिल्टनचा विषय निघाला नाही.

*

आता शेवटचा.

पुढच्या वर्षी सीझन सुरू होताना नानांनी वॉल्टरकडे जाऊन सापळे उकळून, मेणात बुडवून आणले आणि गॅरेजच्या भिंतीला खिळ्यांवर टांगले. कोणी हात लावायचा नाही, अशी ताकीद. जमीन गोठायच्या आत लावायचे होते, आणि थंडी दारात आली होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. काकू दर वर्षी गॅरेजमधल्या सगळ्या हत्यारांची पूजा करायच्या. वेल्डिंग मशीन, करवत, बर्फाचं फावडं, गाडी. आधीच्या वर्षी सापळे दसऱ्यानंतर आले होते, त्यामुळे त्यांचं राहिलं होतं. नाना सकाळी शहरात गेले होते. परत आले तर भिंतीवर एकेका सापळ्याला हळदकुंकू, ग्रोसरीतून आणलेली शेवंती आणि खाली चंदनाच्या उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटलेला. काकूंचा चेहरा उजळलेला. "या सापळ्यांमुळेच आपण इथे आहोत," म्हणाल्या.

हे नानांनीच मला सांगितलं. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार बावा? छान केलं म्हणालो."

पुन्हा वॉल्टरकडे जाऊन उकळणं म्हणजे अख्खा दिवस, आणि तिला काय सांगायचं? त्यांनी सापळे झाडाच्या पाल्याने पुसले आणि दुपारी कुंपणाबाहेर, वर चाळलेली माती पसरून, तसेच लावले.

दसरा शनिवारी होता. मी आणि डॉक्टर सकाळीच सोनं द्यायला गेलो. सोनं म्हणजे आपट्याऐवजी बर्च झाडाची पिवळी पानं. नाना कुंपणापाशी उभे होते. कोयोटने एकूण एक सापळा कडेने नीट उकरून उलटा करून ठेवला होता. एकात पाय अडकला नव्हता की एक उडाला नव्हता. सकाळी बकऱ्या सोडल्यावर नाना पाणी आणायला वळले, तेवढ्यात झालं होतं. कुंपणाखाली केसांचा पुंजका होता आणि झाडीकडे ओढत नेल्याची खूण. पाचांतली गोदी गेली होती.

काकू आल्या. त्यांनी खूण बघितली. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तो उदबत्तीचा..." आणि नानांनी बुटाने त्यांचा पाय दाबला.

"माझीच चूक," नाना म्हणाले. "माती नीट चाळली नाही मी. घाई केली."

काकूंनी त्यांच्या हातातला सापळा घेतला आणि नाकाशी नेला.  मग नानांच्या हातात परत दिला आणि शेडमध्ये गेल्या. आम्ही तिघं दाराशी उभे होतो. नाना कुंपणापलीकडे पसरलेल्या त्यांच्या जमिनीकडे बघत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

काकूंनी एकेकीच्या पाठीवर हात ठेवला. आधी चंद्री. मग काळी. मग दोघी बहिणी. चौथ्या पाठीवरून हात खाली घेऊन त्या बाहेर आल्या.

"पाच," म्हणाल्या.

नाना म्हणाले, "शालू, गोदी..."

"तीस वर्षं गणित शिकवलंय मी. पाच आहेत म्हटलं ना."

आणि त्या घरात गेल्या.  थोड्या वेळाने दार उघडलं आणि काकू दोन्ही हातांत मोठं पातेलं धरून आल्या, गॅरेजमधल्या शेगडीवर ठेवलं आणि नानांकडे वळल्या.

"अहो, सापळे बुडायला पाणी कुठपर्यंत घालू?"