अंबूताईंची सायकल

१९४६ सालच्या डिसेंबरची तीन तारीख, मंगळवार. दवाखान्याच्या मागच्या पडवीत मी जुनी धोतरं फाडून मलमपट्टीसाठी पट्ट्या गुंडाळत होते. दवाखान्याची कोठी, कपडे, भांडी माझ्याकडे असतात. तेवढ्यात दवाखान्याच्या कमिटीचा शिपाई आला. उद्या संध्याकाळी अंबूताईंची शोकसभा आहे, अध्यक्ष दादासाहेब स्वतःच्या हातानं त्यांची तसबीर इथे लावणार आहेत, आणि हार तेवढा तुम्ही करायचा आहे, असा निरोप देऊन तो गेला. मी हातातलं धोतर टर्रकन फाडलं. ज्या माणसानं अंबूताईंना शेवटची कित्येक वर्षं डोंगरातून पायी हिंडायला लावलं, तो त्यांच्या तसबिरीला हार घालणार, आणि हार मी करायचा!

सभेतल्या भाषणात खरं काही येणार नव्हतं, म्हणून मी सांगते.

अंबूताई आमच्या धर्मादाय दवाखान्याच्या पहिल्या नर्स. पुण्याहून येणार म्हणून आम्ही चार बायका मोटारीच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिलो होतो. मोटार आली, टपावरून त्यांची ट्रंक उतरली, पण बाई काही उतरल्या नाहीत. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, मागून येतायत. बऱ्याच वेळानं धुळीनं भरलेली, पस्तिशीची एक सावळी बाई सायकलवरून आली. पुरुषी सायकल, मधे आडवी दांडी. नऊवारी लुगड्याचा कासोटा घट्ट खोचलेला. दांडीवरून पाय काढून त्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "मोटारीत मला उलटी होते. दवाखाना कुठे आहे?"

बाजारात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. बाई, त्यात विधवा, आणि सायकलवर. कोणी त्यांना तोंडावर टोमणा मारलाच, तर त्या म्हणत, "कासोटा काय नुसतं ओटीवर बसायला दिलाय होय?" एका सोवळ्यातल्या आजींनी ही चाकं कुठून कुठून येतात म्हणून अंगणात यायला मज्जाव केला, तेव्हा अंबूताईंनी सायकल बाहेर भिंतीला टेकवली, आत जाऊन त्यांच्या सुनेला तपासलं, आणि निघताना आजींना सांगितलं की चाकाला सोवळं नसतं आणि तापालाही नसतं.

आमचे रस्ते ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सायकल म्हणजे गंमत वाटेल. उत्रोलीपर्यंत ठीक आहे. पुढे हिर्डोशीकडे वरंधा घाटाच्या दिशेनं निघालं की एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदीची दरी, आणि मधे मुरूम आणि सुटी खडी. चाक कधी घसरेल सांगता येत नाही. अंबूताई खडीवर टायरमधली हवा थोडी कमी करत. ट्यूब फाटली आणि ठिगळ बसेना, तर शेतातून भाताचा पेंढा मागून टायरमध्ये गच्च कोंबत आणि तशाच घरी येत. लांब उतारावर ब्रेकवर त्यांचा भरवसा नव्हता. करवंदीची एक मोठी फांदी तोडून दोरीनं मागे बांधायच्या. ती जमिनीवर फरफटत आली की सायकल आपोआप हळू होई. धुळीचा लोट दिसला की वाडीतली माणसं म्हणत, बाई झाडू घेऊन आली. राजगडाखाली पालीला जायचं तर मधल्या डोंगरात सायकल खांद्यावर घ्यावी लागे. मी एकदा म्हटलं, मग नेताच कशाला? तर म्हणाल्या, "उतरताना ती मला नेते, चढताना मी तिला नेते. नवराबायकोत एवढा न्याय मी पाहिला नाही."

हिर्डोशीचे लोक तर त्यांच्यासाठी वेडे होते. एका पावसाळ्यानंतर गावानं ठरवलं की बाईसाठी रस्ता करायचा. सगळं गाव राबलं आणि वाडीपर्यंत मोठाले दगड फोडून गच्च बसवले, जसे चिखलात बैलगाडी रुतू नये म्हणून बसवतात तसे. अंबूताई आल्या, त्यांनी तो रस्ता पाहिला, आणि सायकलवरून उतरून सगळ्या दगडांवरून ती ढकलत नेली. गावात पोचल्यावर तोंडभर कौतुक केलं, नाचणीची भाकरी खाल्ली, आणि मग हळूच म्हणाल्या की कडेला हातभर माती मोकळी सोडाल का, चाक दगडावर टिकत नाही.

म्हाताऱ्या पाटलांचा चेहरा पडला. "मंग येवढं दगूड आमी कुनासाटी घातलं, बाय?"

"तुमच्या गाड्यांसाठी, बाबा. मला माती पुरे."

"आदी सांगायचं व्हतं की. आमाला वाटलं, चाक म्हंजे चाक."

त्यांची पहिली सायकल सांगाड्यातच मोडली, तेव्हा या खोऱ्यातल्या बायकांनी मापानं भात दिला आणि त्यातून नवी सायकल आली. फक्त ती दवाखान्याच्या नावानं घेतली गेली. तिथेच घात झाला.

अंबूताईंनी शाळेतल्या दोन मुलींना नदीच्या वाळवंटात सायकल शिकवायला घेतली. लगेच चारदोन वकील-कारकुनांच्या घरांत खळबळ उडाली आणि कमिटी भरली. मी चहा घेऊन आत गेले होते, तिथेच उभी राहिले.

दादासाहेब म्हणाले, "तुमच्या काळजीपोटी सांगतो, अंबूताई. घाटात पडलात तर जबाबदारी कोणाची?"

"माझी. आणि मी वेळेवर पोचले नाही तर कोणाची?"

"दमणी देतो ना तुम्हाला. बैल आहेत, गाडीवान आहे."

"बाळंतीण दमणीची वाट बघत नाही."

"चारचौघांच्या लेकी बघतात हो. बाईनं असं दांडीवरून टांग टाकायची म्हणजे..."

"म्हणजे काळजी टांगेची आहे," अंबूताई म्हणाल्या. "मग माझं नाव कशाला पुढे करता?"

सायकल दवाखान्याची आहे, ती अध्यक्षांच्या ताब्यात राहील, असा ठराव कमिटीनं लिहून घेतला. सायकल दादासाहेबांच्या वाड्यावर गेली आणि तिला कुलूप लागलं. पुढे त्यांचा पुतण्या तिच्यावरून टेनिस खेळायला जाऊ लागला. त्याच्या टांगेची कोणाला काळजी नव्हती.

त्याच हिवाळ्यात हिर्डोशीहून एक माणूस धापा टाकत आला. त्याची बायको पारू अडली होती. तिचं पहिलं बाळंतपण अंबूताईंनीच केलं होतं. दमणीचे बैल त्या दिवशी दादासाहेबांच्या शेतावर भात वाहत होते. मी वाड्यावर धावले. दादासाहेब पुण्याला गेलेले, किल्ली त्यांच्या कनवटीला. अंबूताईंनी पिशवी खांद्याला लावली आणि त्या माणसाबरोबर चालू लागल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या, पाय धुतले आणि पायरीवर बसून म्हणाल्या, "मूल रडत होतं. आई गार पडली होती. आधी पोचते तर वाचली असती की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही."

दादासाहेब परत आल्यावर दवाखान्यात आले आणि देवाची इच्छा असं काहीसं म्हणाले. अंबूताई सुया उकळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देवानं कुलूप लावलं नव्हतं."

त्यानंतरही सायकल मिळाली नाही. अंबूताईंनी नोकरी सोडली नाही, रडगाणं गायलं नाही, दमणीतही बसल्या नाहीत. चालत राहिल्या. जिथे आठवड्यात दोनदा जात, तिथे महिन्यातून एकदा जाऊ लागल्या, आणि मधल्या दिवसांत वाड्यांवर काय काय झालं असेल ते कोणी मोजलं नाही. यंदा दिवाळीनंतर अवकाळी पावसात वरच्या वाडीवरून चालत येताना भिजल्या, न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत गेल्या. शुद्ध होती तोवर मला एकच विचारत होत्या, की नवी नर्स कधी येते आणि तिला सायकल येते का.

त्या गेल्यावर नवी नर्स आली होती. कमल तिचं नाव, बाविशीची पोर, सातारची. सायकल तिला येत होती. त्या मंगळवारी रात्री उशिरा हिर्डोशीचा निरोपही आला, की एकीचे दिवस भरलेत आणि पाय सुजलेत. कमलनं मला विचारलं, कशानं जाऊ? दमणी सकाळपासून सभेसाठी खुर्च्या वाहणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाड्यावर गेले. दादासाहेब सोप्यात बसून भाषण म्हणून बघत होते. हार झाला का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हार नाही केला, सायकल न्यायला आले आहे. ते म्हणाले, कमिटीपुढे ठेवू. मी म्हटलं, हिर्डोशीची बाई कमिटी भरेपर्यंत थांबणार नाही, आणि तिला काही झालं तर संध्याकाळी सभेत उभी राहून पारूचं नाव मी घेईन.

ते काही बोलायच्या आत त्यांच्या पत्नी आतून किल्ली घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "न्या तुम्ही." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तिची सायकल गोठ्यात ठेवून तिच्या सेवेवर काय बोलणार होतात?"

मी सायकल ढकलत बाजारातून दवाखान्यात आणली, हवा भरून घेतली, पिशवी मागे बांधली. कमलनं कासोटा खोचला, दांडीवरून टांग टाकली आणि निघाली. दुकानांतली माणसं बाहेर येऊन बघत उभी राहिली. मी त्यांना बघू दिलं.