बक्षिसाचा मासा

आमचा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी बाबा एस.टी.तून रिटायर झाले. जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस. अंगावर धावून येणाऱ्या प्रवाशालाही "बसा भाऊ, बसा" याच्या पलीकडे कधी काही बोलले नाहीत. नागपूरला एका डॉक्टरच्या अंगणातल्या हौदात त्यांनी जपानी कोई मासे पाहिले आणि लाखनीजवळच्या आमच्या शेतातल्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, हेच मासे पैदा करायचे असं ठरवून टाकलं.

गावाला हसायला एवढं पुरेसं होतं. आमच्याकडे तळ्याबोडीत मासे असतात, पण ते रश्शासाठी. आत्या तर बोडीच्या पाळीवर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "खायले होत नाही, तं कायले पोसून राहिला रे? शोकेसमध्ये ठेवशीन का?" पहिल्या वर्षी कालव्याच्या पाण्याबरोबर मरळ आत शिरली आणि तिनं एकूण एक पिल्लू गिळलं. आत्याला इतकं आनंदी मी माझ्या चुलतभावाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला आम्ही बोडी कोरडी केली, चुना टाकला, वर जाळी ताणली. विकत आणलेल्या मोठ्या माशांसाठी सिमेंटच्या टाक्यात नायलॉनचे झुबके सोडले. त्यांना अंडी चिकटली की मोठे मासे बाहेर काढायचे, नाहीतर ते आपलीच अंडी खातात. पिल्लं बोटाच्या पेरभर झाली की निवड सुरू. ते काम माझं. बी.एस्सी. होऊन मी घरी बसले होते. पांढऱ्या घमेल्यात मूठभर पिल्लं घ्यायची, अंगावर नीट रंग असलेलं ठेवायचं, बाकीची बाजूला. घमेलंभर पिल्लांतून एखादं राहायचं. अंग दुधासारखं पांढरं हवं, लाल डाग ठसठशीत हवा, डागाची कड चिरल्यासारखी सरळ हवी, लाली नाकावर उतरता कामा नये. त्याच दिवसांत मला पाहायला पाहुणे येत होते. त्यांच्या अटीही साधारण अशाच असायच्या. फरक इतकाच, की मासा नाकारण्याआधी त्याच्या घरी कोणी चहा-पोहे खात नाही.

चांगली दोन वर्षं वाढवलेली एक मादी आम्ही नागपूरच्या प्रदर्शनात नेली. निळ्या टबांच्या रांगा, आणि त्यांच्याभोवती हात मागे बांधून फिरणारे परीक्षक. एकानं आमच्या टबापुढे इतका वेळ मान हलवली की मला वाटलं याची मान अवघडली. मादीला पहिलं बक्षीस मिळालं. बाबा टबाजवळ बसून तिलाच सांगत होते, "झालं, आता घरी जाऊ."

घरी जाणं इतकं सोपं नव्हतं. पेपरात फोटो आला आणि आम्हाला नातेवाईक फुटले. जे बोडीकडे पाहून नाक मुरडत होते ते बोडीसमोर उभे राहून फोटो काढू लागले. आमदारकीची स्वप्नं पाहणाऱ्या एका स्थानिक पुढाऱ्यानं शाळेच्या पटांगणात सत्कार ठेवला. शाल, नारळ, भाषण. "आपल्या जिल्ह्याच्या माशानं जपानले हरवलं!" असं ते गरजले. जपानला याची अजूनही कल्पना नसावी. टाळ्या पडत असतानाच त्यांनी माईकवरूनच म्हटलं, "कंडक्टर साहेब आता हा मासा आमच्या नव्या बंगल्यातल्या कारंज्यासाठी भेट देणार आहेत." बाबांनी शालीतून हात जोडले. जन्मभराची सवय.

मादी आणि जोडीला एक नर घेऊन आम्ही हायवेवरच्या त्या बंगल्यात गेलो. मी समजावत होते, नळाचं पाणी तसंच टाकू नका, सावली करा, पिशवी आधी पाण्यावर तरंगू द्या. ऐकतो कोण? एका कार्यकर्त्यानं पिशवी फाडून मादीला दोन्ही हातांनी वर उचललं.

"अहो, पाण्यात ठेवा तिला!"

"एक मिनिट ताई, साहेबांचा फोटो होऊन राहिला."

ती हवेत तोंड उघडत होती आणि शेजारी साहेब दात दाखवत होते.

थोड्याच दिवसांत निरोप आला, नर मेला. कारंज्यातलं पाणी निळंशार दिसावं म्हणून त्यात ब्लीचिंग पावडर टाकली होती. निरोप्या म्हणाला, "साहेबांनी दुसरा मांगितला. अन् जरा मोठा पाठवा म्हणते, आज जेवणाले पाहुणे आहेत."

बाबांनी झाकणाचा ड्रम काढला, बोडीचं पाणी भरलं आणि मला म्हणाले, "चाल." मला वाटलं, हे आता दुसरा मासा पकडतात. त्यांनी पकडला नाही. गावातला एक छोटा टेम्पो केला आणि निघाले.

बंगल्यात मांडव होता, पंगत बसली होती, आणि लोक कारंज्यात पुऱ्या फेकत होते. मादी कोपऱ्यात वाकडी होऊन पडली होती. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"सरका, भाऊ. जागा द्या," असं म्हणत पाहुण्यांमधून वाट काढली आणि सरळ कारंज्यात उतरले.

पुढारी हातातली पुरी तशीच धरून धावत आले. "कंडक्टर साहेब, हे काय करून राहिले?"

"मासा नेऊन राहिलो."

"दिलेली भेट वापस नेतात का?"

"मी कुठं दिली होती? तुमीच माईकवर घेतली." बाबांनी मादीखाली ओला टॉवेल सरकवला. "अन् तुमच्या ब्लीचिंगनं नर मेला, त्याचं काही नाही तुमाले? दुसरा मांगून राहिले. जेवा, पाहुणे खोळंबले."

कोणी अडवलं नाही. अडवायला पाण्यात उतरावं लागलं असतं, आणि सगळ्यांच्या पायात नवे बूट होते.

मादी वाचली. पण डोक्यावरची लाली विटली आणि एक पर फाटलेला तो फाटलेलाच राहिला. पुढच्या वर्षी प्रदर्शनवाल्यांनी विचारलं, तेव्हा बाबांनी सांगितलं, ती आता येत नाही. त्या हंगामात तिनं भरपूर अंडी दिली. त्यातून बक्षिसाच्या लायकीचं एकही पिल्लू निघालं नाही, तरी बाबांनी मला त्यातलं एकही बाजूला काढू दिलं नाही. पुढारी निवडणुकीत पडले, त्यात आमचा काही हात नव्हता. बोडी मात्र त्या वर्षी काळ्या, करड्या, ठिपक्याठिपक्यांच्या नालायक माशांनी गच्च भरली, आणि त्यांना खायला घालता घालता माझे हात दुखून आले.