मुन्शीचाचांचा रुमालवाला

मुन्शीचाचांना एक ओळसुद्धा सांगितली तशी लिहिता येत नसे. आपण म्हणायचं, "चाचा, लिहा, मी खुशाल आहे, इकडे उकाडा फार आहे." चाचा मान डोलवायचे, पेनाचं टोपण काढायचे आणि दोन पानं भरून मोकळे व्हायचे. वाचून दाखवा म्हटलं की म्हणायचे, "उकाड्याचंच लिहिलंय रे, जरा सविस्तर." मग कळायचं की त्या उकाड्यात आपण उंटावरून पडलो, एका अरबाने आपल्याला उचलून घरी नेलं आणि तीन दिवस दूध पाजलं. बायको तिकडे रडून अर्धी व्हायची आणि त्या दुधाचा खुलासा करण्यात पुढची चार पत्रं जायची.

ही गोष्ट एकोणीसशे साठच्या दशकातली. अमिरात हे नावही तेव्हा नव्हतं. देराला खाडीजवळ खजुराच्या झावळ्यांनी शाकारलेल्या एका खोलीत आम्ही आठ जण राहत होतो. सगळे रत्नागिरीकडचे, एकाच गावचे. चाचा एका व्यापाऱ्याच्या पेढीवर मुन्शी होते, आणि खोलीत नीट लिहिता येणारे दोघेच, ते आणि मी. मी बावीस वर्षांचा, बंदरावरच्या गोदामात कारकून, आणि स्वभावाने तेव्हाही आजच्याइतकाच तापट. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की चाचा चटईवर बसायचे, सहा जण आळीपाळीने पुढे येऊन मजकूर सांगायचे, आणि मी कोपऱ्यात स्वतःचं पत्र लिहीत दात खायचो.

चाचांचं म्हणणं होतं की सहाही पत्रं सारखीच असतात. पैसे पाठवले, तब्येत ठीक, पोरांना शाळेत पाठव. गावात बायका जमतात, पत्रं एकमेकींना वाचून दाखवतात, त्यांना ऐकायला काही नको का? म्हणून त्यांनी पत्रांत गोष्ट घालायला सुरुवात केली. गोष्ट होती रुमालवाल्याची. काळ्या रुमालाने डोळ्यांखाली चेहरा झाकलेला, पांढऱ्या घोड्यावरचा, सावकारांना लुटून गरिबांची घरं भरणारा. गोष्टीचा पहिला तुकडा अब्दुल्लाच्या बायकोच्या पत्रात, दुसरा इब्राहिमच्या आईच्या पत्रात, तिसरा आणखी कुणाच्या. सगळी पत्रं एकत्र आल्याशिवाय गोष्ट लागायची नाही. त्यामुळे बायका आमच्या घराच्या पडवीत जमू लागल्या, कारण आमची पडवी मोठी आणि माझी भाभी चार इयत्ता शिकलेली. ती वाचायची.

आमच्या गावात डोंगरउतार, जांभा दगड आणि खाडी. वरातीला घोडा हवा तर तालुक्याहून आणावा लागे. मी म्हणालो, "चाचा, तो घोडा दौडतो कुठे? होडीत?" चाचा शांतपणे म्हणाले, "तू हिशेबाचा माणूस आहेस. तुला नाही कळायचं."

चीड घोड्याची नव्हती. रुमालवाला कोण हे मला पक्कं ठाऊक होतं. तो चाचांचा बाप होता, इसाक तांडेल. चाचांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. चाचा जन्मले तेव्हा इसाक चार साथीदार घेऊन डोंगरात होता, आणि पुढे पलीकडच्या तालुक्यात मालाची गलबतं लुटताना पकडला जाऊन तुरुंगातच मेला. एवढं सगळ्या गावाला माहीत होतं. ज्याची खात्री नव्हती आणि ज्याबद्दल पन्नास वर्षं कुजबुज चालली होती, ती गोष्ट आमच्या घरातली होती.

माझ्या आजोबांची धाकटी बहीण, आम्ही तिला बडी फुफी म्हणायचो, पंधराव्या वर्षी नवरी होऊन बसली असताना घरात दरोडा पडला. तिच्या अंगावरचे दागिने गेले. मुलाकडचे दारातून परत फिरले आणि पुन्हा कुणी विचारायला आलं नाही. फुफी जन्मभर आमच्याच घरात राहिली. आमची तीन पिढ्यांची पोरं तिने न्हाऊमाखू घातली, स्वतःचं एकही नाही. गाव म्हणायचं, तो इसाकच होता. फुफी काहीच म्हणायची नाही. पोलिसांना तिने सांगितलं होतं की दरोडेखोराचं तोंड बांधलेलं होतं, ओळख पटली नाही.

आणि हा गृहस्थ त्याच माणसाला काळा रुमाल नि पांढरा घोडा देऊन आमच्याच पडवीत पाठवत होता. मी भांडलो. एकदा तर जेवणाचं ताट तसंच टाकून बाहेर गेलो. चाचांवर काही परिणाम नाही. ते म्हणायचे, "माझ्या बापाने गावच्या माणसाला हात लावला नाही. तो दुसरा कुणी असेल." आणि वर, "यल्ला, जेवण थंड होतंय."

आज अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये माझी नातवंडं टीव्हीवर तसलेच तोंड झाकलेले वीर बघत बसतात. हा तोंड का झाकतो, असं विचारलं तर म्हणतात, "दादा, इट्स अ सीक्रेट आयडेंटिटी." मी उठून गॅलरीत जातो. उत्तर मला ठाऊक आहे आणि ते टीव्हीवर दाखवण्यासारखं नाही.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. गोदामात पेटी उतरवताना माझ्या उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली आणि महिनाभर माझंही पत्र चाचांकडे गेलं. आणि चाचांच्या एकुलत्या मुलीला, जमिलाला, एक चांगलं स्थळ सांगून आलं. मुलगा शाळामास्तर, घर खानदानी. डाकूची नात म्हणून आधीची दोन स्थळं मोडली होती. या लोकांचं म्हणणं वेगळं होतं. गलबतं लुटली ती लुटली, पण गावच्या नवरीला लुटणाऱ्याच्या घरात सोयरीक करणार नाही. ते फुफीलाच विचारणार होते.

चाचा माझ्यापुढे येऊन बसले. मी त्यांना पहिल्यांदाच शब्द शोधताना बघितलं. "रशीद, फुफीला तुझ्या नावाने लिहू दे. म्हणावं, ते आले की सांग, इसाक नव्हता. तुझं ती ऐकेल."

मी म्हणालो, "तिचं आयुष्य गेलं, चाचा. आता खोटंही तिनेच बोलायचं?" चाचा उठून गेले. मला वाटलं, खलास, विषय संपला.

कुठला संपतोय. माझी बोटं फडक्यात होती, मी अम्मीसाठी चार ओळी सांगितल्या आणि वाचून न घेता पाकीट बंद करू दिलं. चूक माझी. त्या पाकिटात चाचांनी रुमालवाल्याचं नवं प्रकरण घातलं होतं. कुणा दुसऱ्या टोळीने एका नवरीचे दागिने लुटले, रुमालवाल्याने त्यांना खिंडीत गाठलं, आणि पहाटे नवरीच्या उंबऱ्यावर सगळे दागिने मोजून परत ठेवले. हे माझ्या नावाच्या पत्रात, माझ्याच घरी, फुफीसमोर वाचलं गेलं. मला ते महिन्याने कळलं, भाभीच्या उत्तरातून. तिने लिहिलं होतं, फुफी उठून आत गेली.

त्या दिवशी मी चाचांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वडीलधारा माणूस, बापाच्या वयाचा. त्यांनी एकदाही मला थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी माझी चटई खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली. रास अल खैमाला एका ओळखीच्याकडे काम होतं, तिकडे निघून जावं असंही मनात आलं होतं.

पुढच्या बोटीने 'मुन्शी हसन' अशा चाचांच्या नावाने पाकीट आलं, पत्ता भाभीच्या अक्षरात. अख्ख्या खोलीची पत्रं वाचणाऱ्या त्या माणसाने ते पाकीट दोन दिवस उशाशी ठेवलं आणि शुक्रवारी, बाकीचे मशिदीतून यायच्या आत, माझ्या हातात दिलं. म्हणाले, "तूच वाच. मला होणार नाही." पत्र फुफीने सांगितलेलं होतं. ते मला आजही पाठ आहे.

"हसन, त्याच्या तोंडाला रुमाल नव्हता. तोंड उघडं होतं. मी ओळखलं, त्यानेही ओळखलं. मी पोलिसांना सांगितलं तोंड बांधलेलं होतं, कारण तुझी आई तेव्हा आठव्या महिन्यात होती आणि माझी मैत्रीण होती. नाव सांगितलं असतं तर गावाने तिला विहिरीवर पाणी भरू दिलं नसतं. तू पोटात होतास. रुमाल तुझ्या बापाने बांधला नाही, मी बांधला. मास्तराच्या घरचे आले होते. त्यांनाही मी तेच सांगितलं, तोंड बांधलेलं होतं. ते होकार देऊन गेले. जमिलाचं लग्न कर. रशीदला माझ्यासाठी भांडू नको म्हणावं. आणि दागिने परत आले ते भाभीकडून मी पुन्हा एकदा वाचून घेतलं, एकटीने. खोटं आहे हे ठाऊक होतं. तरी बरं वाटलं."

चाचा भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी भांडायला तयार होतो, इतकी वर्षं तिच्या वतीनेच तर भांडत होतो, आणि तिने माझ्या हातातून भांडणच काढून घेतलं. चाचा म्हणाले, "मी आईच्या पोटात होतो, रशीद." मी पत्र त्यांच्या खिशात ठेवलं आणि चहाचं पाणी चढवलं.

त्यानंतर रुमालवाला बंद. बायकांच्या तक्रारी आल्या, अब्दुल्लाच्या बायकोने तर पुढचं कळल्याशिवाय उत्तर पाठवणार नाही अशी धमकी दिली. चाचा आता सांगितलं तेवढंच लिहायचे, आणि मला त्याचाही राग यायचा. जमिलाच्या लग्नाला ते बोटीने गेले ते परत आलेच नाहीत. खाडीच्या तोंडाशी लाँचमध्ये चढताना त्यांनी मला विचारलं, "फुफीशी काय बोलू?" मी वैतागून म्हणालो, "काही बोलू नका. जाऊन बसा नुसते."

ते जाऊन बसले. दर शुक्रवारी आमच्या पडवीत, सात वर्षं. आखातातून आलेली पत्रं ते बायकांना वाचून दाखवायचे. जमिलाला तोवर दोन मुलं झाली होती.

फुफी गेली त्या वर्षी अम्मीने भाभीकडून लिहवून घेतलेलं पत्र मला आलं. फुफी अंथरुणाला खिळली होती, तिची खाट पडवीत आणली होती. शेवटच्या शुक्रवारी तिने चाचांना नवरीच्या दागिन्यांचं प्रकरण पुन्हा सांगायला लावलं. बायका नेहमीसारख्या जमलेल्या. जमिलाची सासूही त्यांत होती. चाचांनी सांगितलं. उंबऱ्यावर दागिने ठेवणारा माणूस या वेळी परत वळला नाही, तिथेच बसून राहिला. नवरी बाहेर आली तेव्हा त्याने तिची माफी मागितली. त्याच्या तोंडाला काही बांधलेलं नव्हतं. "आणि तो इसाक होता," चाचा सगळ्यांसमोर म्हणाले, "माझा बाप."

जमिलाच्या सासूने पदर सावरला आणि ती खाली मान घालून बसून राहिली, उठून गेली नाही. फुफी म्हणाली, "बरं. आता हसनला चहा द्या कुणी तरी."

ते पत्र मी बंदरावर उभा राहून तीनदा वाचलं. चाचांवर चिडायला काहीतरी सापडेल म्हणून शोधत होतो.