सोजिरकाकांचे हसरे शब्द

चोरी हा शब्द सोजिरकाकांच्या तोंडून मी कधीच ऐकला नाही. महायुद्धात ते गोऱ्या पलटणीच्या कोठारात कारकून होते, म्हणून आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत त्यांना सोजिर म्हणत. पुढे रे रोडच्या लाकडाच्या वखारीत लागले, पण इंग्रजी पलटणीतलंच राहिलं.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. काकांनी माझं इंग्रजी फुकट, हौसेनं पक्कं केलं. एकदा वखारीतली फळी काखेतून आणून त्यांनी मला लिहायला टेबल करून दिलं. विकत घेतली का, असं विचारलं, तर म्हणाले, "पिंच केली रे. गमतीत उचलली." गोड बोलून गंडवलं की डिडल, हिशेबात फिरवाफिरव केली की फिडल. प्रत्येक शब्द ते हातवारे करून दाखवत आणि आम्ही पोरं हसायचो. ते मला फार हुशार वाटत. अजूनही वाटतात.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तळमजल्यावरचे परब तुरुंगात गेले आणि गिरणीचा पगार थांबला. चाळीनं ठरवलं, प्रत्येक घरानं रोज मूठभर तांदूळ परबांसाठी काढायचे. डबा काकांच्या खोलीत ठेवला; शिकलेला, एकटा माणूस. थोड्या दिवसांनी परबकाकू माझ्या आईला हळूच म्हणाल्या, "पोरांका पेज पण पुरना नाय गो." आईला वाटलं, महागाईत लोकांच्या मुठी लहान झाल्या असतील.

मग एकदा शिकवणीला गेलो, तर काका त्या डब्यातले तांदूळ आपल्या पातेल्यात ओतत होते. वखारीतले दोस्त जेवायला यायचे होते. मला पाहून ते दचकलेसुद्धा नाहीत.

"मिळेल तिथून असं जमवलं, की याला स्क्राउंज म्हणतात. पलटणीत सगळेच करायचे. लिहून घे."

मला तांदळापेक्षाही त्या 'लिहून घे'ची किळस जास्त आली.

संध्याकाळी गॅलरीत माणसं बसली होती, काकाही होते. मी सांगितलं, की काकांनी परबांच्या पोरांचे तांदूळ चोरले. परबकाकू उठल्या, काकांच्या खोलीतून डबा उचलला आणि खाली घेऊन गेल्या.

काका माझ्याकडे वळले. "एवढे शब्द दिले तुला, आणि चारचौघांत हाच सापडला?"

"परबकाकूंना इंग्रजी येत नाही, काका," मी म्हणालो.

पुढे ते खोली सोडून दादरला बहिणीकडे गेले. जाताना माझ्याशी बोलले नाहीत. कॉलेजात त्यांचा असा एखादा इंग्रजी शब्द धड्यात आला की मुलं हसतात, सर अर्थ विचारतात. मला तो सगळ्यांच्या आधी आठवतो. मी हात वर करत नाही.