धरमकाट्यानं पाहुण्याईले शून्य धरलं तवाची गोष्ट

भटजी नारळ हातात घेऊन काट्याच्या प्लेटवर उभे होते आन् माह्या कम्प्युटरवर लिहून आलं का हे पॅकेज इथं चालत नाही.

म्या पुन्हा क्लिक केलं. पुन्हा थेच. बाहेर गेटपासून पार बोरी अरबच्या रोडपर्यंत कापसाच्या बैलबंड्या लागल्या होत्या, मांडव टाकलता, भोंगा लावलता, बाजार समितीचे सभापती पाहुणे म्हणून आलते. आन् जिच्या भरोशावर हे सारं होतं थे मी, कम्प्युटरचा कोर्स अर्धा केलेली. अर्धा म्हंजे टायपिंग आन् चित्र काढणं झालं होतं, मंग माही पोरगी पिंकी झाली, पुढचं राहून गेलं.

मी जिनिंगच्या धरमकाट्यावर ऑपरेटर हाय. धरमकाटा म्हंजे जमिनीत बसवलेली लोखंडी प्लेट, भरलेली बंडी बैलासकट तिच्यावर चढते, खालून वायर येते माह्या केबिनमंधी, कम्प्युटरवर वजन दिसते. पह्यले वजन दाखवाचा एक लाल आकड्याचा डब्बा बी होता, पर त्याचं तोंड उंदरानं कुरतडलं. आकडा आता फक्त कम्प्युटरवर.

त्या कम्प्युटरमंधी वायरस घुसला म्हणून शेठजीच्या पुण्याच्या भाच्यानं उन्हाळ्यात येऊन लिनक्स टाकून देलं. फुकट असते म्हणून शेठजी खुश. मंग काट्याच्या कंपनीनं लिनक्सवर चालणारं सॉफ्टवेअर सीडीवर पाठवलं, शेठजी आणखी खुश. थे सीडी कोणी टाकून पाह्यली नाही. खरेदीच्या मुहूर्तालेच टाकू म्हणे, शुभ असते.

आमच्याकडं खरेदी सुरू होते तवा काट्याची पूजा करतात. प्लेटवरच हळदकुंकू, प्लेटवरच नारळ, आन् पह्यली बंडी ज्याची, त्याले प्लेटवरच शेला-टोपी. त्या वर्षी तं शेठजीनं जास्तच थाट केलता. कापसाचे हाल चालू होते, पाण्यानं बोंडं सडली होती, आजूबाजूच्या दोन-तीन जिनिंगले कुलपं लागली होती. आमची चालू हाय हे लोकाईले दिसलं पाहिजे ना. आन् मले तं माही नोकरी दिसून राह्यली होती, कारण दुसरी जिनिंग कुठं होती जाले?

"वंदना, काय झालं?" शेठजी प्लेटवरूनच ओरडले.

"कायी नाही शेठजी, दोन मिनिट."

"मुहूर्त चालला ना!"

म्या कंपनीच्या नागपूरच्या पिंपळकर सरले फोन लावला. केबिनमंधी रेंज नाही. खिडकीजवळ बी नाही. आमच्या जिनिंगमंधी रेंज एकाच जागी येते, गंजीवर, म्हंजे मांगच्या सालच्या उरलेल्या कापसाच्या ढिगावर, एकदम माथ्यावर. आता कम्प्युटर खाली आन् फोन वर, मी एकटी कुठं कुठं राहू?

रशीदचाचा, आमचे जिनिंगचे फिटर, म्हातारे हायेत पर गंजीवर बकरीवानी चढतात. थे म्हणले, "मैं जाता बेटी. सर मले सांगन, मी तुले सांगन."

"ऐकू कसं येईन चाचा, रेचे चालू हायेत." रेचे म्हंजे सरकी काढाच्या मशिनी, त्याचा आवाज असा का गंजीवरून बोललेलं केबिनमंधी समजत नाही.

चाचानं मांडवातला माईक उचलला, लांब वायरीसकट, आन् चढले गंजीवर. एका कानाले फोन, तोंडाले माईक. सारी जिनिंग ऐकून राह्यली.

भोंग्यातून आवाज आला, "सर इचारते, फाईलच्या नावाच्या मांगं काय लिहलं हाय?"

म्या खिडकीतून ओरडली, "आर पी एम!" रांगेतल्या पोट्ट्याईनं ओरडत ओरडत थे गंजीवर पोचवलं.

मंग भोंग्यातून सर काय म्हणले थे आलं. लिनक्स एकच नसते म्हणे, त्याचे घराणे असतात, त्याले डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. आन् पॅकेज म्हंजे सॉफ्टवेअरचं बांधलेलं गाठोडं. एका घराण्यात गाठोडं आरपीएम पद्धतीनं बांधतात, दुसऱ्यात डेब पद्धतीनं. सीडीवरचं होतं आरपीएम. भाच्यानं टाकलेलं लिनक्स डेबवालं. त्याले हे गाठोडं सोडताच येत नव्हतं.

"समझी क्या?" चाचा आपल्या मनानं माईकवर म्हणले. "बोल्ट बराबर हाय, आटे दुसरे हायेत!"

हे मात्र बंडीवाल्याईले बी समजलं. माना हलल्या.

मंग सर म्हणले एक उपाय हाय, एलियन नावाचा प्रोग्राम असते, थो एका पद्धतीचं गाठोडं दुसऱ्या पद्धतीनं बांधून देते. भाच्यानं त्या कम्प्युटरमंधी काय काय भरून ठेवलं होतं, त्यात थो निघाला. माह्या जिवात जीव आला. आता कमांड लिहाची होती. कमांड म्हंजे कम्प्युटरले लिहून देलेला हुकूम, एक अक्षर चुकलं का थो ऐकत नाही.

"एस!" भोंगा. म्या एस दाबला. "यू! डी! ओ!" तिकडं रांगेतले पोट्टे बी संग संग ओरडाले लागले, एस यू डी ओ, एस यू डी ओ, जसं काय कबड्डीच चालू हाय. प्लेटवर भटजीनं वाट पाहून पाहून मंत्र सुरू करून टाकले. मंत्र आन् कमांड दोन्ही एकाच भोंग्यातून, कारण भटजीचा माईक बी त्याच मशीनले जोडलेला. एकदा तं म्या "स्वाहा"चा एस टाइप केला, मंग खोडला.

मंग कम्प्युटरनं पासवर्ड मांगितला आन् शेठजी नेमके तवाच माह्या मांगं येऊन उभे राह्यले.

आता हे सांगाच लागते का पासवर्ड भाच्यानं ठेवला होता. जाताना माह्या कानात सांगून गेलता, मामाले नको सांगजा म्हणे. थो पासवर्ड होता मामाकंजूस. इंग्रजी अक्षरात, सारं जोडून.

म्या हळू हळू एक एक बटन दाबलं. घाम फुटलता.

"कायी उमटूनच नाही राह्यलं!" शेठजी म्हणले.

"उमटत नसते शेठजी. लिनक्समंधी पासवर्ड दिसतच नाही, ठिपके बी नाही."

"बेकार हाय," म्हणले आन् चालले गेले प्लेटवर. ज्यानं कोणी हे न दिसाचं काढलं, त्याच्या लेकराबाळाचं भलं होवो.

गाठोडं बदललं. बसलं. म्या क्लिक केलं आन् काट्याची खिडकी उघडली, मोठ्ठा हिरवा आकडा, शून्य! म्या ओरडली, "झालं!" आन् त्याच घडीले भटजीनं नारळ फोडला. प्लेटवर शेठजी, शेठाणी, भटजी, सभापती आन् पह्यल्या बंडीवाले परशरामकाका नवा शेला घेऊन, साऱ्याईनं टाळ्या वाजवल्या. माही पिंकी शेठाणीच्या कडेवर होती, म्या कामात म्हणून त्याईनं घेतलती, थे हारातलं झेंडूचं फूल खाऊन राह्यली होती.

सारे खाली उतरले. शेठाणीनं पिंकी आणून देली. म्या तिच्या तोंडातलं फूल काढलं.

परशरामकाका खिडकीत आले. आमचे कास्तकार बंडी चढवाच्या आधी खिडकीतून शून्य पाह्यतात, हा रिवाजच हाय, शून्य पाह्यल्याशिवाय बैल पुढं नाही.

काकानं पाह्यलं. म्हणले, "पोरी, हे काय वो?"

मायनस तीनशे नव्वद.

"रिकामा काटा उलटा चालून राह्यला," काका म्हणले, हळूच, पर असे का रांगेत शेवटच्याले ऐकू जावं. "म्हंजे माही बंडी चढली का जवळपास चार क्विंटल काटा आधीच गिळून बसला हाय."

झालं. बंडीवाले खाली उतरले. कोणी म्हणे सेटिंग हाय, कोणी म्हणे कायले थांबता, दारव्ह्याच्या बाजारात जाऊ. दोन बंड्या वळल्या बी. वरून चाचा भोंग्यातून सांगून राह्यले का सर म्हणतात फरक पडत नाही, भरली बंडी आन् रिकामी बंडी दोन्हीत तेवढंच कमी येईन, वजाबाकी बराबर निघन. सर बराबरच म्हणत होते. पर ज्याच्या डोळ्यासमोर मायनस दिसून राह्यलं त्याले वजाबाकी कोण समजावणार?

शेठजी लाल झाले. "काय टाकलं तू कम्प्युटरमंधी? बंड्या परत गेल्या तं तू बी तिच्यातच बसून जाय घरी!"

म्या रडालेच लागली. पिंकी बी मले पाहून रडाले लागली. शेठजी तावातावानं केबिनकडं निघाले, सरळ प्लेटवरून.

आन् आकडा बदलला. मायनस तीनशे.

शेठजी उतरले. पुन्हा तीनशे नव्वद.

"शेठजी," म्या रडता रडता म्हणली, "तुम्ही जरा मांगं जाता का?"

"काय?"

"प्लेटवर जाता का, पाया पडतो तुमच्या."

थे गेले. मायनस तीनशे. मले एकदम समजलं. म्या खिडकीतून चाचाले ओरडली का सरले इचारा, पह्यल्यांदा चालू झालं तवा प्लेटवर जे होतं त्यालेच तं यानं शून्य नाही धरलं?

भोंगा म्हणला, "सर म्हणते, बिलकुल! गाठोडं बदललं तवा संगची सेटिंगची फाईल मांगंच राह्यली!"

"म्हंजे?" परशरामकाका.

"म्हंजे काका, यानं तुम्हा साऱ्याईले धरून शून्य केलं. मायनस जे दिसते थे तुमचंच वजन हाय. पुन्हा चढा, दाखवतो."

शेठाणी म्हणल्या, "मी नाही चढत वो, एवढ्या लोकाईसमोर? आकडा कोणी पाह्यला तं?"

"कोणाले सांगत नाही म्या."

त्या चढल्या. म्या नाही सांगितलं. पर खिडकीत रांगेतला एक पोट्टा उभा होता, त्यानं आकडा वर चाचाले ओरडून सांगितला, चाचानं वजाबाकी केली आन् भोंगा म्हणला, "शेठाणी, सत्तर किलो!"

"चाचा!" शेठजी ओरडले.

भटजी चढले, साठ. सभापती जीपमंधी जाऊन बसले होते, त्याईले उतरवून आणलं. थे म्हणत होते माही काय गरज हाय, पर आता बंडीवालेच ऐकत नव्हते, चढा साहेब चढा. चढले. भोंगा म्हणला, "एकशे दहा!" अशी टाळी त्याईच्या भाषणाले बी पडली नव्हती. वळलेल्या दोन बंड्या पाह्याले थांबल्या.

"आता तुम्ही काका," म्या म्हणली.

"मी कायले?"

"शेला घेतला तवा तुम्ही बी तिथंच होते ना."

काका इकडं तिकडं पाहून चढले. काटकुळा माणूस, पन्नास. म्या छाती फुगवून आकडा पाह्यला.

मायनस दहा.

माय वो. "कोण बाकी हाय?" शेठजी इचारत होते. "नारळ? नारळ दहा किलोचा असते का बे?" कोणी म्हणे हार, कोणी म्हणे आरतीचं ताट. म्या डोळे मिटले, गेली माही नोकरी. कडेवर पिंकीनं माहे केस ओढले.

शेठाणीनंच हात पुढं केला. "वंदना, पोट्टी आण इकडं. माह्या कडेवर होती ना थे."

म्या धावत गेली, प्लेटच्या बाहेरूनच हात लांब करून पिंकी देली, स्वतः पाय नाही ठेवला, आन् पळत केबिनमंधी आली.

शून्य. हिरवं, गोल, मोठ्ठं शून्य.

परशरामकाकानं प्लेटवरूनच वाकून खिडकीत पाह्यलं आन् म्हणले, "खरं हाय. चढवा रे बंडी." पर आधी साऱ्याईले उतरवलं, सरनं सांगितलं तशी सेटिंग खोडून रिकाम्या प्लेटवर प्रोग्राम पुन्हा चालू केला, तवा बंडी चढली. वळलेल्या दोन्ही बंड्या मुकाट रांगेत लागल्या. नंबर गेला म्हणून भांडल्या बी.

शिकली काय मी यातून, तं दुसऱ्या घराण्याचं गाठोडं आपल्या कम्प्युटरवर उतरवता येते, कायी भ्याचं नाही, पर त्याच्यासंगचं सामान आलं का नाही थे पाहा आन् पाहुण्याईले जरा बाजूले उभं करा.

सांजच्याले शेठजी केबिनमंधी आले. म्हणले, "वंदना, उद्या तू नाही आली तं काय करू? थो पासवर्ड मले बी सांगून ठेव."

म्या म्हणली, "मी येतो ना शेठजी, रोज येतो."

भाच्याले बी फोन लावून पाह्यला त्याईनं. थो बी सांगत नाही. म्हणून मी अजून काट्यावरच हाय.